बाण हलेना

बारा वाजून गेले आणि बाण मेला.
पडद्याच्या मधोमध, बाळव्वाच्या अर्जावर,
आडनावाच्या पहिल्या अक्षराला टोचून उभा.
मी माऊस फिरवला चटईवर,
मग बिलबुकावर, मग मांडीवरच्या साडीवर.
पालथा करून बघितला:
पोटातला तांबडा दिवा विझलेला.

"काय करूलीस गं मंगल, एवढा वेळ?"
"हलेना की."
"फुंकर मार," बाकावरून कोणीतरी.
मारली.
खानापुरात फुंकर सगळ्यालाच मारतात,
रेडिओला, रेशनकार्डाला, डोळ्यात गेलेल्या कौलाच्या धुळीला.

टेबलाखाली शिरले. डब्याच्या पाठीमागं
आंधळ्यासारखी बोटं फिरवली,
कोळ्याचं घर मोडलं, वायर उपसली,
वरच्या भोकातली खालच्यात, खालची पुढच्यात.
आणि हाताला लागली ती जागा,
जिथं रबर सोलून आतली तांब्याची तार उघडी,
बारीक दातांची नक्षी.
"इली माऊस तिन्तु,"
हिरेमठ मास्तर बाकावरून हसले,
उंदरानं माऊस खाल्ला,
आणि बाकीचे तिघं दोन भाषांत हसले.

बंद करून चालू करणं मलाही येतं.
पण बत्तीस रकाने भरलेत,
बाळव्वा तोपिनकट्टीहून पहिल्या बसनं आलीय,
आणि तिचं नाव एका कागदावर बाळव्वा,
दुसऱ्यावर बालाबाई, तिसऱ्यावर नुसतंच बी.
एवढ्यात पडद्यावर चौकट उगवली.
वेळ संपत आली की अशी उगवते.
खाली तीन शब्द, तिन्ही करडे.

नऊ वर्षं झाली या दुकानाला.
कन्नड मी बोलते, हसते, उधारी मागते,
स्टँडवर भांडतेसुद्धा.
वाचत नाही.
गरजच पडली नाही; ही चौकट आली
की कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी, गेली.
हाताला जागा माहीत,
अंधारात मिठाची बरणी सापडावी तशी.
आता फुली तिथंच आहे
आणि तिच्यापर्यंत जायला वाट नाही.

टॅब दाबला. पहिल्या शब्दाभोवती ठिपके.
टॅब. दुसऱ्याभोवती.
टॅब. तिसऱ्याभोवती.
यातल्या एकानं अर्ज राहणार, एकानं जाणार.

मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालेलं,
हिरवी पट्टी, पडदा बघायची बंदी.
मग बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर
स्केचपेननं मी अक्षरं काढली,
शाळेतल्या नकाशासारखी, बघून बघून.
"ह्ये बघा. डोक्यावर तुरा असलेलं गोल,
मग पायाशी पिल्लू धरलेलं एक."
त्यांनी कागद नाकाला लावला.
"रद्दु."
"म्हणजे रद्द?"
"तुझंच आहे की ते. आमचंबी आहे. दाबू नको."

दुसरा लांबलचक होता, कागदाबाहेर गेला.
"मुंदुवरिसि. पुढं चालू दे.
पण नेट गेलं तर? पुढचा काढ."
तिसरा लहान. तीनच अक्षरं,
मधल्याचं पोट मला जमेना, दोनदा खोडलं.
मास्तरांनी बोटानं गिरवलं ते,
मग जरा थांबून म्हणाले,
"उळिसि. राखून ठेव. शिल्लक राहू दे."
बाळव्वानं पदर तोंडाला लावला होता.

टॅब, टॅब, नको, पुढं गेला.
शिफ्ट धरून टॅब, एक घर मागं.
ठिपके आले. मी पुन्हा एकदा वाचलं,
उ, ळि, सि,
ओठ हलवून, पहिलीतल्या पोरासारखं.
एंटर.
डब्याच्या पोटात काहीतरी घरघरलं, थांबलं.

फोटो स्टुडिओतला अशपाक त्याचा माऊस घेऊन आला,
आत्ता परत पाहिजे म्हणाला.
जोडला. तांबडा दिवा लागला, बाण थरारला,
आणि हात कामाला लागताच
सरळ कोपऱ्यातल्या फुलीकडं धावला.
अर्ध्या वाटेत मीच त्याला धरला.

"झालं काय गं?" बाळव्वा.
"झालं," म्हटलं,
"तुझं नाव उळिसलं."